कार्डावरचे १२०/८०

माझ्याकडे सहा आरोग्य कार्डं आहेत. तालुक्यातल्या पत्रकारांसाठी दर जानेवारीत एक तपासणी शिबिर होतं, तिथं मिळालेली. सहाही कार्डांवर 'रक्तदाब' या शब्दापुढे एकच आकडा आहे: १२०/८०. शाई वेगळी आहे, अक्षरही दोन ठिकाणी वेगळं आहे. या सहा वर्षांत माझ्या दंडाला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा एकदाही लागलेला नाही.

सहाव्या कार्डानंतर सात महिन्यांनी मला हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

वीस वर्षं मी पुण्याच्या एका दैनिकासाठी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या बातम्या देते आहे. आकडा तपासल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. ऊस किती एकर जळाला, पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या नर की मादी, टोमॅटोचे क्रेट किती आले, हे मी दोन ठिकाणी विचारून लिहिते. स्वतःच्या कार्डावरचा आकडा मी विचारला नाही. उलट त्या शिबिराची बातमी सहाही वर्षं मीच दिली. 'उपस्थित सर्व पत्रकारांची रक्तदाब व साखर तपासणी करण्यात आली,' हे वाक्य माझं आहे.

हे लिहिते आहे ते सोरायसिस असलेल्या आणि त्यापायी सांधे धरलेल्या माणसांसाठी. औषधांची नावं इथं नाहीत, ती तुमच्या डॉक्टरांनी सांगायची. जे घडलं तेवढंच लिहिते.

बाह्या

पहिले चट्टे उठले तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. आधी कोपरांवर, मग दंडांवर, मग डोक्यात. लाल डाग आणि त्यावर चंदेरी खपल्या. निरगुडसर हे माझं माहेर. तिथं कुणी गजकर्ण म्हटलं, कुणी रक्त खराब झालं म्हटलं. कडुलिंबाचा पाला झाला, करंजाचं तेल झालं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हेही सांगितलं. ते मी घरी सांगितलं, शेजारी सांगितलं. एसटीत शेजारच्या सीटवरून उठून उभं राहणाऱ्या बाईला कसं सांगणार? मी पूर्ण बाह्यांचे कुर्ते शिवून घेतले आणि ते एप्रिल-मेमध्येही घातले.

आठ वर्षांनी उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. नुसता सांधा नाही, अख्खं बोट, गाजरासारखं. त्यानंतर डावी टाच, त्यानंतर डावा खांदा. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. संजय, माझा नवरा, नारायणगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. दुकान उघडण्याआधी तो कॉम्प्युटरवर बसायचा, मी बातमी सांगायची आणि तो दोन बोटांनी टाइप करायचा. 'उपविभागीय' हा शब्द आला की मान वर करून माझ्याकडे बघायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी वेदनेची गोळी दिली, सहा आठवड्यांसाठी. ती मी चार वर्षं घेतली. चिठ्ठी कधीच फाटली होती, पण मेडिकलवाल्याला गोळी पाठ झाली होती. संजय जाऊन नुसता उभा राहिला की तो स्ट्रिप काढून ठेवायचा. ही गोळी रक्तदाब वाढवू शकते, हे त्या काउंटरच्या अलीकडे किंवा पलीकडे कुणी बोललं नाही.

त्वचेच्या डॉक्टरांकडे माझी एक फाइल होती, हाडांच्या डॉक्टरांकडे दुसरी. दोन्ही जाड होत गेल्या. मी नंतर दोन्ही पहिल्या पानापासून वाचल्या. हृदय हा शब्द एकीतही नाही.

बोरी बुद्रुक

ऑगस्टमधली सकाळ होती. बोरी बुद्रुकला उसात बिबट्याची मादी आणि दोन बछडे दिसले होते, वन खातं पिंजरा लावणार होतं. फोटो हवा होता. रस्त्यावर गाडी लावून मी बांधावरून चालायला लागले. पाऊस थांबलेला होता, चिखल होता. शंभर पावलांवर डावा खांदा दुखायला लागला.

डावा खांदा रोजच दुखायचा. त्यामुळे मी रोज करायची तेच केलं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीजवळ पायरीवर बसले, पर्समधली गोळी काढली आणि पाण्याशिवाय चावली. दुखणं दंडातून खाली उतरलं आणि जबड्यात चढलं. जबड्याचा सांधाही मधूनमधून धरायचा, म्हणून मी त्याचंही नाव सांधा असंच ठेवलं. छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय, याचं नाव मी दमणूक ठेवलं. माझ्या अंगात दुखण्यासाठी इतक्या जागा आधीच ठरलेल्या होत्या की नव्या दुखण्याला मी वेगळी जागाच दिली नाही.

शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बायकांपैकी एक बाई उठून आली. तिचं नाव हिराबाई, हे मला नंतर कळलं. तिनं मला पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी तिला सांगितलं की जुना खांदा आहे, गोळी घेतली आहे, बसेल.

"खांदा आसा घाम काढीत न्हाई, ताई," ती म्हणाली. "आमच्या मालकाचं आसंच झाल्तं. उठा, आता बातमी ऱ्हाऊ द्या."

तिनं बांधावरून हाक मारून टोमॅटोचे क्रेट भरत असलेली पिकअप थांबवली. अर्धी गाडी भरली होती. ड्रायव्हर मार्केटची वेळ सांगू लागला तेव्हा ती त्याला काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. त्यानं दार उघडलं. अठरा वर्षांत मला पाच डॉक्टरांनी तपासलं होतं. हृदयाचं नाव न घेता का होईना, पण हे सांध्याचं नाही हे ओळखणारी पहिली व्यक्ती खुरपं हातात असलेली ही बाई होती.

गॉजचा पदर

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी माझी बाही वर केली. मी सवयीनं हात आखडला आणि म्हणाले की चट्टे आहेत, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. ड्रेसिंगच्या डब्यातून गॉजचा, म्हणजे जाळीच्या कापडाचा तुकडा काढला, एकपदरी केला, दंडाभोवती ठेवला आणि त्यावरून पट्टा गुंडाळला. या सगळ्याला अर्धं मिनिट लागलं असेल.

दाब १९०/११० होता. त्यांनी पुन्हा मोजला, तोच आला. डॉक्टर आले, ईसीजी निघाला, त्यांनी मला गोळ्या चावायला दिल्या आणि रुग्णवाहिका मागवली. संजय नारायणगावाहून पोचला तेव्हा त्याच्या हातात तांब्याच्या तारेचं एक वेटोळं तसंच होतं. मंचर, खेड आणि मग चाकणच्या ट्रकांची रांग. मी वर रुग्णवाहिकेच्या छताकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात भीतीच्या आधी गॉज होता. इतकंच करायचं होतं? एक पदर?

अतिदक्षता

पुण्यात त्याच दुपारी मनगटातून नळी घातली. एक रक्तवाहिनी जवळपास बंद झाली होती, तिथं स्टेंट बसला. दुसरी अर्धी अरुंद आहे, ती गोळ्यांवर आहे.

अतिदक्षता विभागात दिवस असे मोजले जातात: पहाटे रक्त, सात वाजता ओल्या कापडानं अंग पुसणं, नऊला डॉक्टरांची फेरी, अकरा ते साडेअकरा एक नातेवाईक, त्यानंतर संध्याकाळच्या भेटीपर्यंत यंत्रांचे आवाज. झोपूनझोपून माझ्या पाठीवरच्या खपल्या चादरीवर पडायच्या. सकाळी चादर बदलायला येणाऱ्या मावशींची मी माफी मागितली. त्यांनी खोबरेल तेल चालतं का ते विचारलं, सिस्टरला विचारून आल्या आणि पाठीला तेल लावलं. हातमोजे न घालता. मी उशीत तोंड घालून पडून राहिले. बाकी कुठल्याच दिवशी मी रडले नाही.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत हृदयरोग डॉक्टरांनी चट्टे पाहिले, बोटं पाहिली, नखांवरचे खळगे पाहिले आणि विचारलं की हे किती वर्षांचं आहे. मी सांगितलं. मग ते खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत खुर्ची ओढून बसलेले हे पहिले डॉक्टर.

"कातडीत आणि सांध्यांत जी आग आहे ना, ती तिथंच थांबत नाही," ते म्हणाले. "रक्तवाहिन्यांच्या आतूनही ती चालू असते. तुमच्यासारख्या पेशंटचं हृदय इतरांपेक्षा जास्त जपावं लागतं. दाब, साखर, चरबी, दरवर्षी. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी विचारलं, हे नवीन संशोधन आहे का. ते म्हणाले, नाही, बरंच जुनं आहे, आम्ही शिकताना वाचलंय.

पुस्तकात असलेली ही गोष्ट पुण्याहून नारायणगावला यायला अठरा वर्षांत गाडी मिळाली नाही. दोन तासांचा रस्ता आहे.

त्यांनी संजयला आत बोलावून घेतलं आणि जुन्या नोंदी मागितल्या. संजयनं प्लास्टिकच्या पिशवीतून जे होतं ते सगळं काढलं, त्यात ती सहा कार्डं होती. डॉक्टरांनी ती पत्त्यांसारखी हातात धरली आणि एकामागून एक पाहिली.

"हे मोजलंय कुणी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की उत्तर मला ठाऊक आहे.

सहा कार्डं

पहिल्या वर्षी असं झालं. हॉलमध्ये चाळीसेक पत्रकार, भिंतीला बॅनर, एका खासगी रुग्णालयाची दोन टेबलं. रांगेत माझा नंबर आला. तंत्रज्ञानं पट्टा उघडला. मी बाही थोडी वर केली, चट्टा दिसला. त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि पट्टा मांडीवर ठेवला. म्हणाला की ताई, तुमचं नॉर्मलच असणार, आपण शुगर बघू. शुगरसाठी त्यानं बोटाचं टोक धरलं, तिथं चट्टा नव्हता. मग कार्डावर आकडा लिहिला.

मला अपमान वाटला नाही, हे मी नोंदवते. मला बरं वाटलं. मागे सहकारी उभे होते, त्यांच्यासमोर पूर्ण बाही वर करावी लागली नाही. मी बाही खाली ओढली, त्याचे आभार मानले, पत्रकार संघाच्या अध्यक्षांच्या हातून डायरी घेतली आणि घरी येऊन बातमी दिली.

दुसऱ्या वर्षी त्यानं विचारलंही नाही. तिसऱ्या वर्षी दुसरं कुणीतरी होतं, त्यानं मागच्या वर्षीचं कार्ड मागून घेतलं आणि आकडा उतरवला. बाकीच्या वर्षांचंही तसंच.

संजय हे ऐकत उभा होता. त्या पाच मिनिटांत मी जे बोलले त्याची लाज मला अजून आहे. मी त्याला म्हणाले, गोळ्या तर तूच आणायचास. तो खाली गेला आणि संध्याकाळच्या भेटीला वर आला नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आला. म्हणाला, "तुझी मूठ वळत नव्हती म्हणून आणायचो." एवढंच. पुढे आम्ही त्यावर बोललो नाही. आता गोळ्यांचा डबा तोच भरतो आणि प्रत्येक स्ट्रिपची चिठ्ठी डब्याखाली घडी घालून ठेवतो. कुणी न विचारता मला दाखवतो.

अण्णांचा दंड

वडील, अण्णा, निरगुडसरहून आले ते मी वॉर्डात आल्यावर. वय ब्याऐंशी, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. मी त्यांना कार्डांची हकिकत सांगितली. तंत्रज्ञाची घाई, पट्टा एकच, रांग मोठी, सगळं दोन्ही बाजूंनी सांगितलं, बातमी सांगावी तसं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"हात लावला नाही, म्हण की सरळ."

मी म्हणाले की अण्णा, त्याला माझी जात ठाऊकही नव्हती, चट्ट्यांमुळे झालं ते. ते म्हणाले की ठाऊक आहे. मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंड माझ्यापुढे धरला. म्हातारा, सुरकुतलेला, पण स्वच्छ दंड. त्यांच्या वयाच्या प्रत्येक माणसाच्या दंडावर देवीच्या लशीचे वण असतात. त्यांच्या दंडावर नव्हते. सत्तेचाळीस वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

ते सहा वर्षांचे असताना लस टोचणारा गावात आला. गावात त्यानं घरोघर टोचलं. आमच्या वस्तीच्या बाहेर, वाटेवर उभं राहून पोरांना रांगेत उभं केलं, मोजलं आणि वहीत लिहिलं: सर्व टोचले. पोरांना आनंद झाला, कारण सुई चुकली. त्या वर्षी देवीची साथ आली. वस्तीतली दोन पोरं गेली. अण्णा म्हणाले, "वहीत ती टोचलेली व्हती." शिक्षक म्हणून आयुष्यभर शुद्ध बोललेला माणूस त्या वाक्याला निरगुडसरच्या बोलीत गेला.

मग बाही नीट खाली करून म्हणाले, "तुलापण आनंदच झाला असंल, सुनंदा."

त्या तंत्रज्ञाचं कारण वेगळं होतं. त्यानं केलं ते तेच होतं: न शिवता लिहिणं. आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालं, अण्णा शिकले, मी शिकले, छापून येणाऱ्या अक्षरावर माझं पोट चालतं. आणि तसली नोंद मी सहा वेळा स्वतःच्या नावानं छापून आणली.

दुसरी बाजू

दोन महिन्यांनी मला फिरायची परवानगी मिळाली. बातमीत दुसरी बाजू घ्यावी लागते, म्हणून मी गेले.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की दाब बघणं हे फिजिशियनचं काम आहे. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की सोरायसिसचं त्वचावाले बघतात, त्यांना वाटलं की त्यांनी सांगितलं असेल. दोघेही वाईट माणसं नाहीत. दोघांच्याही टेबलावर रक्तदाबाचं यंत्र होतं. हाडांच्या डॉक्टरांकडचं यंत्र कागद उडू नयेत म्हणून चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेलं होतं.

तंत्रज्ञ मला त्याच्या रुग्णालयाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. आधी म्हणाला आठवत नाही. मी कार्ड दाखवलं तेव्हा अक्षर ओळखलं.

"पट्टा एकच व्हता, ताई. वरून सांगितल्यालं, खराब करू नका, परत धुवायला लागंल. चाळीस माणसं, दीड तास. आमी तरी काय करणार?"

मी विचारलं, मग रकाना कोरा का सोडला नाही.

त्यानं चहाचा पेला टपरीवर ठेवला. "कोरा चालत न्हाई," म्हणाला. "शिबिराचा रिपोर्ट जातो. आन् तुमीच तर बाही खाली घेतली."

तेही खरं आहे, म्हणून इथं लिहिलं आहे. पण बाही खाली घेणाऱ्या माणसाला बाही वर घ्यायला सांगणं, हे त्याचं काम होतं. लाजणं हा माझा अधिकार आहे. त्यावर १२०/८० लिहिणं हा कुणाचाही अधिकार नाही.

रजियाआपा

आता मी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाते. त्यांनी जुनी गोळी हळूहळू बंद करून दुसरे उपचार सुरू केले. स्वतःहून कुणी काही बंद करू नका, मीही केलं नाही. चट्ट्यांसाठी अजून त्वचेच्या ओपीडीतही जाते. तिथल्या बाकावर रजियाआपा भेटल्या. जुन्नरच्या, ब्लाउज शिवतात, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठ्या. त्यांचीही बोटं गाजरासारखी. बारा वर्षं त्या इथं येतात. मी विचारलं, कधी दाब मोजलाय का.

"हातावर हे असल्यावर कोण बांधतंय, ताई?" त्या म्हणाल्या, जसं काही मी बालिश प्रश्न विचारला होता.

मी त्यांना घेऊन शेजारच्या खोलीत गेले आणि सिस्टरला दाब मोजायला सांगितलं. सिस्टर म्हणाल्या की इकडे त्वचेची ओपीडी आहे, तिकडे मेडिसिनला जा, केसपेपर काढा. मी म्हणाले की केसपेपर काढते, तोवर मोजा. सिस्टरनी यंत्र पुढे ओढलं आणि चट्टे बघून थांबल्या. रजियाआपांनी लगेच हात मागे घेतला. माझ्या ओळखीची हालचाल होती ती. मी माझा धुतलेला रुमाल त्यांच्या दंडाभोवती ठेवला आणि सिस्टरना म्हटलं, आता बांधा.

१७०/१००. सिस्टरनी खुर्ची दिली, पाणी दिलं, दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं आणि स्वतः उठून त्यांना मेडिसिनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. रजियाआपा जाताना म्हणाल्या की डोकं दुखायचं ते मशिनवर वाकून बसल्यामुळे, असं त्या बारा वर्षं समजत होत्या. त्या आता गोळी घेतात. मागच्या भेटीत दाब उतरलेला होता. माझा रुमाल त्यांनी परत दिला नाही. म्हणाल्या, पर्समध्येच असतो, लागतो.

शाल

यंदाच्या जानेवारीत शिबिराचं निमंत्रण आलं. सोबत अध्यक्षांचा फोन आला की 'आजारावर मात केल्याबद्दल' माझा सत्कार ठरला आहे. तोच हॉल, नवा बॅनर, तीच दोन टेबलं. तोच तंत्रज्ञ. मला पाहून त्यानं मान खाली घातली.

माझं नाव पुकारलं गेलं. अध्यक्ष शाल उलगडून पुढे आले. फोटोग्राफरनं कॅमेरा धरला. या फोटोखाली काय मजकूर येईल ते मला पाठ होतं, मी तसे शेकडो लिहिले आहेत. मी बाही खांद्यापर्यंत वर केली. हॉलमध्ये वीस वर्षांच्या ओळखीचे लोक होते, त्यांनी माझा दंड पहिल्यांदा पाहिला.

"शाल ऱ्हाऊ द्या, भाऊ," मी म्हणाले. "आधी पट्टा बांधा."

अध्यक्ष शाल तशीच धरून उभे राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, अहो ताई, कार्यक्रम आवरू द्या. मी टेबलाजवळच्या खुर्चीत बसले आणि हात टेबलावर ठेवला. तंत्रज्ञानं खिशातून स्वतःचा रुमाल काढला, झटकला, घडी मोडली. त्यानं रुमाल ठेवला, पट्टा बांधला, फुगा दाबला. हवा सुटल्याचा आवाज हॉलभर ऐकू आला.

त्यानं दोनदा मोजलं आणि कार्डावर लिहिलं: १४४/८८. माझ्या सात कार्डांवरचा हा पहिला खरा आकडा. तो चांगला नाही, डॉक्टरांनी नंतर गोळी बदलली. सत्कार मी घेतला नाही. शिबिर संपेपर्यंत त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. दोघांनी, घाई आहे, लिहून टाका, असं म्हटलं. तंत्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना बाही वर करायला सांगितली.

खुलासा

घरी येऊन मी यंदाची बातमी दिली, आणि सोबत जुन्या सहा बातम्यांचा खुलासा पाठवला. डेस्कवरून फोन आला की इतक्या जुन्या बातम्यांचा खुलासा छापायची पद्धत नाही, आणि वाचकांना त्यात काय. पद्धत नाही हे खरं आहे. वाचकांना त्यात काय, हे मी वर लिहिलं आहे. तो खुलासा असा:

पत्रकारांच्या वार्षिक आरोग्य शिबिराबाबत प्रस्तुत वार्ताहराने दिलेल्या सहा बातम्यांमध्ये 'उपस्थित सर्व पत्रकारांची रक्तदाब व साखर तपासणी करण्यात आली' असे प्रसिद्ध झाले होते. ते खरे नव्हते. एका महिला पत्रकाराचा रक्तदाब सहाही वर्षे न मोजता लिहिण्यात आला. या बातम्या तिनेच लिहिल्या होत्या. तिच्या दंडावर सोरायसिसचे चट्टे होते. ते अजून आहेत. त्यांवर एक रुमाल ठेवून पट्टा बांधता येतो.